नरक्या: झाडातलं विष आणि बाटलीतलं औषध

मागच्या पावसाळ्यात आजऱ्याहून मावसबहिणीचा फोन आला. काकांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर. तिसरी केमो झाली होती आणि अंगात उठून बसायचंही त्राण उरलं नव्हतं. "दादा, एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "शेजारच्यांनी डोंगरातून नरक्याचं लाकूड आणून दिलंय. कॅन्सरचं औषध यातूनच काढतात म्हणे. मग सरळ काढा करून दिला तर काय बिघडलं? तू झाडांचं शिकवतोस, तूच सांग."

काकांच्या केमोच्या कागदाचा फोटो पाठव, असं मी तिला सांगितलं. मिनिटभरात फोटो आला. औषधांच्या यादीत एक नाव होतं, इरिनोटेकॅन.

म्हणजे शेजाऱ्याने थाप मारली नव्हती. इरिनोटेकॅन ज्या मूळ रेणूपासून बनतं तो रेणू नरक्याच्या लाकडात असतो, हे शंभर टक्के खरं आहे. आणि नेमकं म्हणूनच तो काढा काकांना देणं धोक्याचं होतं. तिला मी "देऊ नकोस, कारण नंतर सांगतो" एवढंच म्हणालो. ते कारण फोनवर पाच मिनिटांत सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे सावकाश लिहितो.

आधी झाड बघू

आंबोली, राधानगरी, कोयना, महाबळेश्वर या पट्ट्यातल्या सदाहरित आणि निमसदाहरित जंगलात, मोठ्या झाडांच्या सावलीत नरक्या वाढतो. झाड छोटंच, दोन-तीन पुरुष उंचीचं. पानं रुंद, एकाआड एक, फांदीच्या टोकाला गर्दी करून आलेली. पान नीट पाहिलं तर देठाजवळच्या दोन बाजू सारख्या नसतात, एक किंचित खाली उतरलेली असते. पावसाळ्यात फिकट पिवळसर फुलांचे गुच्छ येतात आणि त्यांच्या वासाने झाड लांबूनच कळतं. नाव पडलं ते या वासावरूनच. शास्त्रज्ञांनीही पूर्वी त्याला मॅपिया फेटिडा म्हटलं होतं, फेटिडा म्हणजे दुर्गंधी. आजचं शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात वनस्पती गोळा करणाऱ्या निम्मो नावाच्या अभ्यासकाची ती आठवण.

हिरडा, बेहडा, अर्जुन, कुडा या झाडांना आपल्याकडे घराघरात औषध म्हणून जागा आहे. बाळगुटीत हिरडा उगाळला जातो, जुलाबावर कुड्याची साल दिली जाते. नरक्याला अशी जागा कधीच नव्हती. त्याच्या वाट्याला जी प्रसिद्धी आली ती आजीच्या बटव्यातून आली नाही, प्रयोगशाळेतून आली. "आपल्या पूर्वजांना हे माहीत होतं" असं नरक्याबद्दल कुणी सांगू लागलं, तर ती जोडलेली गोष्ट आहे असं समजा. खरी गोष्ट वेगळी आहे आणि मला ती जास्त अभिमानाची वाटते.

नंदुरबारचा मुलगा आणि गोरेगावची प्रयोगशाळा

नंदुरबारमध्ये 1925 साली जन्मलेले मनसुख वाणी मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले, पुढे अमेरिकेत गेले आणि 1962 मध्ये डॉक्टरेट मिळवून नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. वॉल यांच्याकडे एका चिनी झाडाचा अर्क होता. झाडाचं नाव कॅम्प्टोथेका, चीनमध्ये त्याला 'आनंदाचं झाड' म्हणतात. तो अर्क उंदरांमधल्या रक्ताच्या कॅन्सरवर आश्चर्य वाटावं इतका चालत होता. त्यातला नेमका कोणता रेणू हे काम करतो, हे शोधायला वर्षं गेली. 1966 मध्ये वॉल आणि वाणी यांनी त्या रेणूची रचना जाहीर केली. त्याचं नाव कॅम्प्टोथेसिन.

याच जोडीने 1971 मध्ये य्यू नावाच्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉलची रचना उलगडली. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरवर आज जगभर वापरलं जाणारं पॅक्लिटॅक्सेल ते हेच. कॅन्सरच्या दोन मोठ्या औषधांच्या मुळाशी नंदुरबारमध्ये जन्मलेला एक माणूस आहे, आणि आपल्या शाळेच्या पुस्तकांतून हे नाव मला तरी कधी भेटलं नाही. वाणी 2020 मध्ये वारले.

आता नरक्या. मुंबईत गोरेगावला सिबा या औषध कंपनीचं संशोधन केंद्र होतं. टी. आर. गोविंदाचारी तिथले प्रमुख, भारतातल्या वनस्पतींच्या रसायनांचा त्यांच्याइतका व्यासंग असलेली माणसं थोडीच. गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी 1972 मध्ये दाखवून दिलं की त्या चिनी झाडातलं कॅम्प्टोथेसिन आपल्या नरक्यातही आहे, आणि चांगल्या प्रमाणात आहे. दोन्ही झाडं वेगळ्या कुळांतली, एकमेकांची जवळची नातलग नव्हेत. तरी रेणू तोच.

सुतळीचा पीळ आणि पाचर

हा रेणू करतो काय, हे समजायला हातात दोन पदरी सुतळीचा हातभर तुकडा घ्या. एक टोक कुणाला तरी घट्ट धरायला सांगा किंवा खिडकीच्या गजाला बांधा. आता दुसऱ्या टोकाकडून दोन पदर वेगळे करत चला. वीतभर पुढे गेलात की समोरचा पीळ इतका घट्ट होतो की सुतळी स्वतःभोवती गाठी मारू लागते, पदर सुटेनात.

आपल्या प्रत्येक पेशीत डीएनए असाच दोन पदरी, पिळलेला असतो. पेशीला दुप्पट व्हायचं असेल तर आधी या संपूर्ण डीएनएची नक्कल काढावी लागते आणि नक्कल काढायला पदर सोडवावे लागतात. मग पुढे साठणाऱ्या पिळाचं काय? त्यासाठी पेशीत एक कारागीर नेमलेला असतो, टोपोआयसोमरेज-एक. तो दोन पदरांपैकी एकच पदर कापतो, कापलेलं टोक हातात धरून पीळ सैल होऊ देतो, आणि लगेच कापलेली टोकं पुन्हा जोडून टाकतो. कापणं, सैल करणं, जोडणं. हे अखंड चालू असतं, आत्ता तुम्ही वाचत असतानाही.

कॅम्प्टोथेसिन येऊन नेमकं त्या कापलेल्या फटीत बसतं. सुताराने चिरलेल्या लाकडात पाचर ठोकावी तसं. कारागिराचे हात टोकाला धरलेले, पण जोड काही बसत नाही. एवढ्याने पेशी लगेच मरत नाही. पण नक्कल काढणारी यंत्रणा त्याच वाटेने येते, या अडलेल्या जागेवर आपटते, आणि एका पदराचा काप दोन्ही पदरांची तूट होऊन बसतो. ती तूट पेशीला झेपत नाही. रेणूचं हे काम 1985 मध्ये उघड झालं, म्हणजे रेणू सापडल्यावर तब्बल एकोणीस वर्षांनी.

जी पेशी वारंवार नक्कल काढते तिला हा फटका जास्त बसतो. कॅन्सरच्या पेशी तशा असतात. पण अस्थिमज्जेतल्या रक्त बनवणाऱ्या पेशी, आतड्याचं अस्तर आणि केसांची मुळंही तशीच. केमोत पांढऱ्या पेशी घटतात, जुलाब लागतात, केस गळतात, ते याच कारणाने. पाचरीला आपला-परका कळत नाही.

मुलं वर्गात हमखास विचारतात, मग झाड स्वतः कसं मरत नाही? त्या झाडातही डीएनए आहे, तोच कारागीर आहे. प्रश्न फार चांगला आहे आणि त्याचं उत्तर 2008 मध्ये मिळालं. कॅम्प्टोथेसिन बनवणाऱ्या काही वनस्पतींमध्ये, त्यात ते चिनी झाडही आलं, या कारागिराच्या घडणीत एक बारीकसा बदल आढळला. त्या बदलामुळे पाचर बसतच नाही. अंगावर काटा येतो तो पुढच्या गोष्टीने: या औषधाला दाद न देणाऱ्या माणसाच्या कॅन्सर पेशींमध्येही अगदी तोच बदल आधी सापडलेला होता. झाडाने स्वतःला वाचवायला जी युक्ती केली, ती गाठीनेही केली.

पहिला प्रयत्न फसला, आणि का फसला

उंदरांमध्ये चाललेलं औषध माणसांत द्यायची वेळ 1970 च्या आसपास आली. अडचण अशी की कॅम्प्टोथेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मग शिरेतून द्यायचं कसं? तेव्हाच्या संशोधकांनी त्याचा सोडियम क्षार केला, तो छान विरघळला. रुग्णांना दिला. गाठींवर फारसा परिणाम दिसला नाही, पण रक्तपेशी खाली आल्या, जुलाब सुरू झाले आणि कित्येकांना मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला. 1972 मध्ये चाचण्या थांबल्या. गोरेगावात नरक्याची बातमी आली त्याच साली.

कारण पुढे कळलं, आणि ते कळलं की अख्खं प्रकरण उलगडतं. कॅम्प्टोथेसिनच्या रेणूत पाच कडी असतात. शेवटचं कडं बंद असेल तरच पाचर काम करते. सोडियम क्षार करताना ते कडं उघडतं. रक्तातही ते उघडंच राहतं आणि रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन त्याला तसंच धरून ठेवतं, म्हणून गाठीपर्यंत बोथट रेणू पोचत होता. मूत्र मात्र आम्लधर्मी असतं. आम्लात कडं पुन्हा मिटतं. म्हणजे औषध गाठीत बोथट आणि मूत्राशयात धारदार, नको तिथे हजर. झाडातला तोच रेणू, पण त्याला योग्य जागी, योग्य रूपात पोचवण्याची विद्या तेव्हा हातात नव्हती.

ती विद्या यायला आणखी वीसेक वर्षं लागली. जपानच्या याकुल्ट कंपनीने, हो, छोट्या बाटलीतलं आंबवलेलं दूध विकणारी तीच, मूळ रेणूला एक शेपूट जोडलं. त्यामुळे कडं न उघडताही तो पाण्यात विरघळू लागला, आणि शरीरात गेल्यावर हे शेपूट तुटून आतला जहाल रेणू मोकळा होऊ लागला. हेच इरिनोटेकॅन. जपानमध्ये 1994 ला आणि अमेरिकेत 1996 ला त्याला मान्यता मिळाली. त्याच वर्षी अमेरिकेत टोपोटेकॅन या दुसऱ्या भावंडाला अंडाशयाच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली.

पुरावा म्हणजे काय, ते इथे बघा

"अमुक झाडाच्या अर्काने कॅन्सरच्या पेशी मरतात" असं वाचलं की मी आधी विचारतो, पेशी कुठे होत्या? काचेच्या बशीत, उंदरात, की माणसात? बशीत पेशी मारणाऱ्या वनस्पती हजारोंनी आहेत. तिथून माणसाला उपयोगी पडणारं औषध होईपर्यंत टिकणाऱ्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. नरक्याच्या पानांच्या आणि सालीच्या अर्कावर जंतू मारण्याचे, सूज उतरवण्याचे प्रयोग झाले आहेत, पण ते बहुतेक बशीतले. त्यांवरून कुणाला काही द्यावं असं माझं मत होत नाही.

इरिनोटेकॅनचा पुरावा वेगळ्या तोलाचा आहे. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत मोठ्या आतड्याचा कॅन्सर पसरलेले आणि आधीच्या केमोला दाद न दिलेले 279 रुग्ण होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एकाला इरिनोटेकॅन आणि वेदना वगैरे कमी करणारी काळजी, दुसऱ्याला फक्त काळजी. वर्षभराने औषधाच्या गटातले 36.2 टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटातले 13.8 टक्के. आयुष्याचा मध्यांक, म्हणजे निम्मे रुग्ण जिथवर हयात होते तो काळ, 6.5 महिन्यांवरून 9.2 महिन्यांवर गेला.

हे आकडे मी मुद्दाम पुरे सांगतोय. ते चमत्काराचे नाहीत. पावणेतीन महिने. पण खरे आहेत, मोजलेले आहेत आणि त्या कुटुंबांसाठी ते महिने मोलाचे होते. पुढे हेच औषध इतर दोन औषधांच्या जोडीने, आजाराच्या आधीच्या टप्प्यावर दिलं जाऊ लागलं. काकांच्या कागदावर होती ती हीच तीन औषधांची पाळी, दर दोन आठवड्यांनी. गेल्या काही वर्षांत तर या रेणूची भावंडं प्रतिपिंडाच्या, म्हणजे गाठीच्या पेशी ओळखून त्यांना चिकटणाऱ्या अँटीबॉडीच्या, पाठीवर बसवून थेट गाठीच्या दारात उतरवली जातात. स्तनाच्या एका प्रकारच्या कॅन्सरसाठी 2019 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकॅन त्यातलंच. 1972 मध्ये अडलेला प्रश्न, विष योग्य ठिकाणी पोचवायचं कसं, त्याला मिळालेलं हे आजवरचं सगळ्यात देखणं उत्तर.

मग काढा का नको

बहिणीने शेवटी ते लाकूड माझ्याकडेच पाठवलं. फिकट रंगाच्या, बोटभर लांबीच्या ढलप्या, साल काहींना होती, काहींना नव्हती. कॅम्प्टोथेसिन अतिनील प्रकाशात निळं चमकतं. म्हणून मी दोन वेगळ्या ढलप्यांचा सारखाच भुगा सारख्याच मद्यार्कात भिजवला आणि प्रयोगशाळेतल्या अतिनील दिव्याखाली दोन्ही नळ्या धरल्या. एक लख्ख निळी, दुसरी जेमतेम. एकाच पिशवीतल्या ढलप्या. ही काही मोजणी नव्हे, लाकडात चमकणारी इतर द्रव्यंही असू शकतात. पण बहिणीला पाठवायला तो फोटो पुरेसा होता.

झाडागणिक, जागेगणिक, मूळ की खोड यावर प्रमाण बदलतं. त्यात हा रेणू पाण्यात नीट विरघळत नाही. त्यामुळे एका काढ्यात काहीच उतरणार नाही, आणि दुसऱ्यात, तळचा गाळ ढवळून प्यायला तर, किती जाईल याचा नेम नाही. काकांचं इरिनोटेकॅन उंची आणि वजनावरून शरीराचं क्षेत्रफळ काढून मोजलं जातं, या पाळीत साधारणपणे दर चौरस मीटरला 180 मिलिग्रॅम. प्रत्येक खेपेआधी रक्त तपासून पांढऱ्या पेशी पुरेशा असतील तरच बाटली लागते. जुलाब लागले तर पहिल्या जुलाबालाच कोणती गोळी घ्यायची, हे आधीच लिहून दिलेलं असतं.

आता या तारेवरच्या कसरतीत, दोन केमोंच्या मध्ये, पेशी जरा वर येत असताना त्याच जातीचं विष बेहिशेबी पोटात गेलं तर? मज्जा पुन्हा दबते, आतड्याचं अस्तर पुन्हा सोललं जातं. ताप आला, शरीरातलं पाणी कमी झालं, तर अशा रुग्णाच्या जिवावर बेततं. आणि डॉक्टर बिचारे औषधाचा डोस जास्त झाला असं समजून तो कमी करतील, कारण काढ्याचं त्यांना कुणी सांगितलेलंच नसेल.

आणखी एक गोष्ट, जी काकांच्या बाबतीत उपयोगी पडली. शेपूट तुटून मोकळा झालेला जहाल रेणू शरीराबाहेर काढण्याचं काम यकृतातलं एक विकर (एन्झाइम) करतं. काही माणसांत जन्मतःच ते विकर मंद असतं. अशांना नेहमीचा डोसही जड जातो. यातल्या पुष्कळांना गिल्बर्ट सिंड्रोम असतो: एरवी तब्येत ठणठणीत, पण उपास घडला किंवा ताप आला की डोळे किंचित पिवळे दिसतात, रक्तात बिलिरुबिन थोडं वर असतं. काकांना तरुणपणी दोन-तीनदा "कावीळ" झाली होती आणि आपोआप गेली होती, हे घरच्यांना आठवलं. आजवर ते कुणी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर त्यांनी जनुकाची तपासणी करून घेतली आणि पुढचा डोस त्याप्रमाणे बसवला. काका त्यानंतर पेजेऐवजी भात खाऊ लागले. तुमच्या घरात कुणाला इरिनोटेकॅन सुरू होणार असेल तर ही जुनी "कावीळ" जरूर सांगा.

डोंगरातल्या झाडाचं काय होतं

साधा हिशेब करा. वाळक्या लाकडात कॅम्प्टोथेसिन हजारात एक भाग धरलं, तर एक किलोसाठी एक टन वाळकं लाकूड लागेल. नरक्या हे काही सागासारखं थोराड झाड नव्हे. एका टनासाठी किती झाडं पडत असतील, त्याचा अंदाज तुम्हीच बांधा. त्यातही मुळांत प्रमाण जास्त, म्हणून तोडणारा खोडावर थांबत नाही, झाड मुळासकट उपटतो. सिंधुदुर्ग, कोल्हापूर, सातारा या जिल्ह्यांतून नरक्याच्या तस्करीच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आहेत. पकडला जातो तो बहुतेक वेळा रोजंदारीवर ढलप्या करणारा माणूस, ज्याला लाकूड कुठे जातं हेसुद्धा धड ठाऊक नसतं.

नरक्यात नर, मादी आणि उभयलिंगी अशी वेगवेगळी झाडं असतात. जंगलाच्या एका कोपऱ्यातली फळणारी झाडं गेली, की उरलेली नुसती उभी राहतात, बी धरत नाहीत. जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी 2005 मध्ये नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी वेगळी काढली, जी झाडाबाहेरही कॅम्प्टोथेसिन बनवते. मोठी आशा वाटली होती. पण अशा बुरश्या झाडापासून लांब, बाटलीत पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या की हळूहळू ते काम विसरत जातात, हे पुढे दिसून आलं. लागवड हाच सध्या सरळ मार्ग आहे, आणि तो जमण्यासारखा आहे. कारण नरक्याचं खोड जमिनीपासून थोडं वर कापलं आणि मूळ राखलं, तर बुंध्यातून पुन्हा धुमारे फुटतात.

दिवाळीनंतर आजऱ्याला गेलो तेव्हा त्या शेजाऱ्यांना घेऊन ते झाड पाहायला गेलो. त्यांनी काकांच्या मायेपोटीच लाकूड आणलं होतं, रागावण्यासारखं काही नव्हतं. ओढ्याच्या कडेला, जांभळाच्या सावलीत, गुडघ्याएवढा बुंधा उभा होता. कोयत्याच्या घावाखाली चार धुमारे आलेले, सगळ्यात मोठा वीतभर. शेजाऱ्यांनी वाकून त्याभोवतीचं वाळकं गवत काढलं आणि गुरांनी खाऊ नये म्हणून तोरणीच्या काटेरी फांद्या आडव्या घातल्या.